आपले की बाहेरचे

प्लास्टरमामांना खऱ्या नावाने हाक मारणारं त्या इस्पितळात कुणी उरलं नव्हतं. घरी बायको 'अहो' म्हणायची, म्हणजे तिथेही नावावाचून काही अडत नव्हतं. मोडलेल्या हाडावर प्लास्टर चढवायचं हे त्यांचं काम, आणि त्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नाही, हे त्यांच्या वैऱ्यानेही कबूल केलं असतं. वैरी अर्थात कुणी नव्हता. मामा गोड बोलायचे, सगळ्यांना हसवायचे आणि वरच्यांच्या पुढेपुढे करायचे. अशा माणसाला वैरी मिळणार कुठून?

डॉक्टर हाड बसवत, एक्स-रेचा फोटो उजेडात धरून मान हलवत आणि निघून जात. त्यानंतर महिना-दीड महिना रोगी जे ओझं वागवायचा ते मामांच्या हातचं. कोमट पाण्यात पट्टी सोडायची, बुडबुडे थांबले की दोन्ही टोकं दाबून उचलायची, कापसावरून फेर घेत न्यायची आणि तळव्याने सारखी करायची. बोटं लावायची नाहीत. बोटाचा खड्डा पडला की तो आतून टोचत राहतो. "डॉक्टरांची सही कागदावर, माझी पायावर," मामा म्हणायचे. "त्यांची कोण वाचतंय? माझी सगळं गाव बघतं."

गाव बंदराचं होतं. धक्क्यावर बोटी, मागे कारखाने आणि कामाच्या ओढीने कुठून कुठून आलेली माणसं. गोरी, काळी, मधल्या सगळ्या रंगांची. हाडं मात्र सगळ्यांची सारखीच मोडत, आणि शेवटी सगळी मामांच्या स्टुलासमोर येऊन बसत.

त्या इस्पितळात एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, म्हणूनच इतका पक्का होता. मोठे डॉक्टर परदेशी शिकून आले तेव्हा तो बरोबर घेऊन आले. "पाय प्लास्टरात अडकला की रक्त साकळतं," ते सांगायचे. "पोटरीत गुठळी धरते. ती सुटून छातीत गेली की खेळ खलास. गोऱ्यांना हे होतं, काळ्यांना त्याहून जास्त. आपल्या लोकांना नाही. आपलं रक्त वाहतं असतं." त्यांच्याजवळ म्हणे आकडे होते. आकडे खरेही असतील. आपल्या लोकांना कमी होतं, एवढंच ते सांगत असतील. पण त्या 'कमी'चं 'नाही' नक्की कधी झालं, हे मोठ्या डॉक्टरांनाही सांगता आलं नसतं. सोयीच्या गोष्टीला जन्मतारीख नसते.

तर नियम असा. प्लास्टरच्या खोलीत एक पडदा होता आणि पडद्यामागे सिस्टर. रोगी मामांसमोर बसला की सिस्टर आतून विचारायची, "मामा, आपले की बाहेरचे?" मामा पाय मांडीवर घेऊन ओरडायचे. 'बाहेरचे' म्हटलं की रक्त साकळू नये म्हणून पोटात द्यायचं इंजेक्शन भरलं जायचं, पुढेही रोज चालू राहायचं. 'आपले' म्हटलं की काही नाही. डॉक्टरांचा वेळ वाचायचा, सिस्टरची दगदग वाचायची, आणि मामांना खोलीभर आवाज लावायला मिळायचा.

मामांनी त्याचाही खेळ करून टाकला होता. ते डोळे मिटून नुसती टाच चाचपायचे आणि माणूस कुठल्या मुलखातला ते सांगायचे. बरोबर निघालं की बाकावरची माणसं हसायची. ज्याची टाच असायची तोही हसायचा. पाय दुसऱ्याच्या हातात असताना माणूस आणखी काय करणार?

मामांची बायको इस्त्रीवाली होती. एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली तिची टेबलाएवढी जागा होती. दिवसभर उभं राहून ती चार मजल्यांचे कपडे सरळ करायची आणि तोंडाने चार मजल्यांची माणसं. अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून. "कपड्याची सुरकुती आणि नवऱ्याची थाप मला लांबून दिसते," असं ती गिऱ्हाइकांना सांगायची आणि मामा शेजारी उभे राहून कौतुकाने ऐकायचे. मूलबाळ नव्हतं. त्यामुळे रागावायलाही एकमेकांशिवाय कुणी नव्हतं, आणि दोघांनी ती हौस पुरेपूर भागवली.

एके दिवशी कुणीतरी जिना धुवून ठेवला होता. इस्त्री केलेल्या शर्टांची टोपली डोक्यावर घेऊन ती वर निघाली आणि घसरली. टोपली दोन्ही हातांनी वर धरून ठेवली, म्हणून एकाही शर्टाला डाग लागला नाही. घोटा मात्र दोन ठिकाणी मोडला. तिला खुर्चीत घालून आणली तेव्हा ती पहिलं वाक्य बोलली, "तिसऱ्या मजल्यावर शर्ट पोचवायला सांगा कुणाला तरी."

बाकावर तिच्या शेजारी धक्क्यावरचा क्रेनवाला बसला होता. उंच, काळाकभिन्न, साखळीखाली पाऊल सापडलेलं. दोघांची चांगलीच गट्टी जमली. पहिली पाळी त्याची होती. मामांनी डोळे मिटायचंही नाटक केलं नाही. "बाहेरचे!" सिस्टर सुई घेऊन आली.

मग बायकोची पाळी. मामांनी तिचा पाय मांडीवर घेतला. तो पाय त्यांनी आयुष्यभर पाहिला होता, पण असा सगळ्यांसमोर पहिल्यांदाच. ते जरा लाजले आणि लाज झाकायला त्यांना विनोदच सुचला. पडद्यामागून नेहमीचा प्रश्न आला, "मामा, आपले की बाहेरचे?"

"आपली!" मामांनी आवाज लावला. "अगदी घरची! अहो, घरातलीच!"

सगळी खोली हसली. बायकोही हसली.

क्रेनवाला पोट चोळत म्हणाला, "मला सुई आणि तुम्हाला नाही? लाडक्या दिसताय."

"नवरा इथे चिकटवलाय तो कशाला?" ती म्हणाली.

"पाय कसा मोडला हे मला अजून कुणी विचारलेलं नाही, बाई. कातडी बघितली आणि सुई भरली."

"आणि माझी कातडी बघून भरली नाही." ती मामांकडे वळली. "म्हणजे हो, तुमच्या इथे पायाकडे कुणी बघतच नाही म्हणा की."

ह्यावर सगळ्यांत मोठ्याने मामा हसले.

न हसणारी एकच होती. एक नवी डॉक्टरीण आली होती, शिकाऊ म्हणावी इतकी तरुण. मामा हात धुवायला गेले तेव्हा ती मागोमाग आली. "मामा, काकूंचं वय आहे, वजन आहे, घोटा दोन ठिकाणी मोडलाय, पाय महिनाभर हलणार नाही. मी त्यांना सुई दिली असती."

मामांनी तिच्याकडे प्रेमाने पाहिलं. नव्या माणसाला अक्कल शिकवताना ते नेहमी प्रेमाने पाहत. "डॉक्टरीणबाई, पुस्तकातलं रक्त वेगळं आणि आपलं वेगळं. मोठ्या डॉक्टरांनी अर्धं जग बघितलंय."

"कमी होतं, मामा. होत नाही असं नाही."

"तेच ते," मामा म्हणाले आणि टॉवेलाला हात पुसले.

घरी आल्यावर पहिले काही दिवस बायको पलंगावरून हुकूम सोडत होती आणि मामा ते झेलत होते. मग एका संध्याकाळी ती म्हणाली, "अहो, पोटरी दुखतेय. ओला कपडा पिळावा तसं कुणीतरी आत पिळतंय."

मामांनी बोटं तपासली. हे त्यांचं रोजचं काम होतं. प्लास्टर घट्ट झालं तर बोटं निळी पडतात, गार पडतात. तिची बोटं गुलाबी होती, उबदार होती. नख दाबून सोडलं तर रंग झटकन परत येत होता. "छान आहे," मामा म्हणाले.

"बोटं छान आहेत हो. दुखतेय पोटरी."

"प्लास्टर नीट बसलंय. कुठे घट्ट नाही, कुठे खड्डा नाही."

"मी प्लास्टरला नावं ठेवतेय का? मी पायाबद्दल बोलतेय. एकदा कापून बघा तरी आत काय झालंय ते."

इथे मामांचं डोकं फिरलं. त्यांचं प्लास्टर मुदतीआधी कधी कुणी कापलं नव्हतं. दुसऱ्याने केलेलं कापायची वेळ आली की ते आठवडाभर त्याची चेष्टा करायचे. आणि आता स्वतःच्या बायकोचं कापून उद्या इस्पितळात काय तोंड दाखवायचं? "माझं काम चुकत नाही," ते म्हणाले. "तुला पडून राहायची सवय नाही, म्हणून नाही नाही ते दुखतंय." त्यांनी पायाखाली दोन उशा दिल्या. बायको गप्प बसली. ती सहसा गप्प बसणारी नव्हती, आणि एवढ्यावरून तरी त्यांना कळायला हवं होतं.

अगदीच काही वाटलं नाही असं नाही. कामावर गेले तेव्हा मोठे डॉक्टर जिन्यात भेटले. मामांनी मन घट्ट करून विचारलं, "डॉक्टर, मंडळींची पोटरी दुखतेय म्हणते. गुठळी-बिठळी तर नसेल?"

मोठे डॉक्टर दोन पायऱ्या वर थांबले आणि खो-खो हसले. "मामा, तुम्हीसुद्धा? अहो, आपल्या बाईला गुठळी? त्या नव्या पोरीने तुमच्याही डोक्यात भुंगा सोडला वाटतं." आणि ते हसताहेत म्हटल्यावर मामाही हसले. जिना उतरताना त्यांना हलकं वाटत होतं. नवी डॉक्टरीण खालीच होती. तिला सांगितलं असतं तर तिने धावत येऊन पाय तपासला असता. पण तिला सांगायचं म्हणजे आपण घाबरलो हे कबूल करायचं. मामा तिच्याकडे बघून नुसते हसले आणि स्टुलावर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा कामावर निघायच्या घाईत होते. बायको कुबड्या घेऊन न्हाणीघरापर्यंत गेली आणि परत येऊन पलंगाच्या कडेला टेकली. "दम लागतोय हो," ती म्हणाली.

"लागणारच. आठवडाभर नुसती लोळतेयस, खातेयस. पाय सुटेपर्यंत दारातून मावायची नाहीस." ते आरशात बघून भांग पाडत होते.

"छातीत टोचतंय."

मामा वळले. तिचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. ओठांवरचा रंग पार उतरला होता. ती त्यांच्या सदऱ्याकडे बघत होती. "कॉलर..." ती म्हणाली आणि हात वर करायला गेली. बहुतेक कॉलर दुमडलेली असावी. हात तिथपर्यंत पोचला नाही. ती आडवी झाली, आणि मामांनी हाका मारल्या, शेजारी आले, गाडी आली, इस्पितळ आलं. ह्या सगळ्यात ती कुठेच नव्हती.

नवी डॉक्टरीणच बाहेर आली. तिचे डोळे लाल होते, पण ती सरळ बोलली. "गुठळी होती, मामा. पोटरीतून छातीत गेली." 'मी सांगितलं होतं' असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर मामांना कुणावर तरी रागावता आलं असतं.

प्लास्टर तसंच होतं. कुठे चीर नाही, कुठे खड्डा नाही. शेवटी ते मामांनीच कापलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आतली पोटरी दुसरीच्या दीडपट झाली होती.

मोठे डॉक्टर घरी भेटायला आले, हा त्यांचा मोठेपणा. ते बराच वेळ बसले, चांगलं बोलले. मामांची मेहुणी, म्हणजे बायकोची धाकटी बहीण, पाणी घेऊन आली आणि दाराशीच उभी राहिली. निघता निघता मोठ्या डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "मामा, वाईट वाटून घेऊ नका, पण विचारतो. वहिनींच्या माहेरी मागे कुणी... म्हणजे आजी, पणजी... कुणी बाहेरचं होतं का? नाही, काय आहे, नाहीतर असं होत नाही."

मामा म्हणाले, "माहीत नाही."

डॉक्टर गेले. मामांनी भिंतीवरचा बायकोचा फोटो काढला आणि खिडकीशी नेला. आधी नाक बघितलं. मग केस बघितले, ओठ बघितले. तिच्या केसांना जरा कुरळेपणा होता. दमट हवेत ते सुटायचे आणि ती त्यांना शिव्या द्यायची. मामा त्या केसांकडे बघत राहिले. आपण काय बघतोय हे त्यांना कळायच्या आत मेहुणीने फोटो हातातून हिसकावून घेतला.

"भाऊजी, लाज वाटत नाही?" ती म्हणाली. "जिवंत होती तोवर तुमची होती. चूक निघाली तशी लगेच बाहेरची झाली? मेल्यावर वाळीत टाकलंत होय तिला?"

"मी काही बोललो का?"

"नाही बोललात. म्हणूनच विचारतेय. तो माणूस माझ्या आजीपर्यंत पोचला आणि तुम्ही 'माहीत नाही' म्हणालात. तुमचा नियम खोटा पडू नये म्हणून माझ्या बहिणीचं रक्त खोटं ठरवताय?"

मेहुणीने फोटो पदरात धरला आणि ती जी गेली ती पुन्हा त्या घरात आली नाही. मामा रिकाम्या खिळ्यासमोर बसून राहिले. शरमेने माणूस मरत नाही, ही एक वाईटच सोय आहे.

महिन्याभराने ते कामावर परतले तेव्हा क्रेनवाला प्लास्टर काढून घ्यायला आला होता. मामांनी करवत चालवली, कवच दोन बाजूंना उघडलं. पाय बारीक झाला होता, पण धड होता. क्रेनवाल्याने बोटं हलवून बघितली आणि विचारलं, "बाई कशा आहेत? त्यांचंही निघालं असेल आता."

मामांनी करवत खाली ठेवली. "गेली," ते म्हणाले. "गुठळी झाली."

क्रेनवाल्याची बोटं हलायची थांबली. मग म्हणाला, "रोज सुई टोचून घेताना मी तुम्हा सगळ्यांना शिव्या द्यायचो. वाटायचं, माणूस म्हणून बघत नाहीत, गुरासारखं टोचतात." तो उठला, पाय टेकवून बघितला. "त्यांना तर तेवढंही नाही मिळालं." आणि हळूहळू चालत तो बाहेर गेला.

पुढचा रोगी कुणी म्हातारा होता, पलीकडच्या आळीतला, मामांच्या ओळखीचा. नडगी मोडली होती. पडद्यामागे सिस्टर जरा घुटमळली. पण सवय मेली नव्हती. तिने हळू आवाजात विचारलं, "मामा, आपले की बाहेरचे?"

"बाहेरचे," मामा म्हणाले.

म्हातारा गोंधळून बघायला लागला. मामांनी पट्टी पाण्यात सोडली आणि बुडबुड्यांकडे बघत बसले.

त्या दिवसापासून मामांच्या स्टुलासमोर आपलं कुणी आलंच नाही. किराणावाला आला तो बाहेरचा, पोस्टमन आला तो बाहेरचा, सिस्टरचा सख्खा दीर आला तोही बाहेरचा. सिस्टरला कळत होतं. ती सुई भरत राहिली. नव्या डॉक्टरणीलाही कळलं. ती पडद्याशी येऊन उभी राहायला लागली आणि सुई देण्याआधी प्रत्येकाला स्वतः विचारायला लागली: पोटात अल्सर आहे का, कधी रक्त गेलंय का, आधी पाय सुजला होता का, घरात कुणाला असं झालंय का. कुणाला सुई मिळायची, कुणाला ती नको असं ठरायचं. पण पायाकडे बघितलं जायचं. मामा आता टाच चाचपत नव्हते आणि विनोदही करत नव्हते. ह्या सगळ्याने काही भरून येणार नव्हतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. घरी गेलं की कॉलर नीट करायला आरसा होता, बस.

हे फार दिवस चालणार नव्हतंच. एक दिवस मोठे डॉक्टर खोलीत आले तेव्हा शाळेतल्या बाई समोर बसल्या होत्या, घोटा सुजलेला. सिस्टरने विचारलं, मामांनी ओरडून सांगितलं, "बाहेरच्या!"

मोठे डॉक्टर हसले. "मामा, चष्मा बदला. अहो, ह्या आमच्या गल्लीतल्या बाई. माझ्या मुलांना ह्यांनी शिकवलंय. ह्या कुठल्या बाहेरच्या?"

मामांनी बाईंचा पाय मांडीवर नीट घेतला. वर बघितलं नाही.

"माझ्या बायकोकडच्या," ते म्हणाले.

मोठ्या डॉक्टरांचं हसू ओठांवरच राहिलं. ते हातातल्या एक्स-रेच्या फोटोकडे बघायला लागले. त्या फोटोत हाड होतं, आणि हाडावरून कुणाचंच काही कळत नाही. पडद्यामागे सिस्टरने सुई भरली. नवी डॉक्टरीण बाईंजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आधी सांगा, पाय मोडला कसा?"